साबणाच्या पाण्यात सुझुकी: जमते का, आणि रिॲक्टरमध्ये टिकते का?

प्रश्न थोडक्यात असा. एका लहान आर अँड डी लॅबमधल्या तरुण केमिस्टने डीएमएफ हा नेहमीचा सॉल्व्हंट टाळून सुझुकी कपलिंग (पॅलॅडियमच्या मदतीने ब्रोमाइड आणि बोरॉनिक ॲसिड जोडण्याची रिॲक्शन) पाण्यात करून पाहिलं. माल ब्रोमोॲनिसोल आणि फेनिलबोरॉनिक ॲसिड, लिटरला अर्धा मोल. पाण्यात २ टक्के एसएलएस हा सर्फॅक्टंट (तेल पाण्यात पसरवणारं साबणासारखं रसायन), पोटॅशियम कार्बोनेट, पॅलॅडियम ॲसिटेट आणि ट्रायफेनिलफॉस्फीन, सगळं खोलीच्या तापमानाला. फ्लास्कमध्ये पांढरा, जेलीसारखा लगदा झाला. कन्व्हर्जन निम्म्यावर अडकलं. इथाइल ॲसिटेट घालून हलवलं तर लेअर रात्रभर सुटले नाहीत. साहेबांचं मत, ‘पाण्यातल्या रिॲक्शन पेपर छापण्यापुरत्याच असतात.’ तर विचारणा अशी की एसएलएस चुकलं का, महागडा सर्फॅक्टंट घ्यावाच लागतो का, आणि हे प्लँटवर नेता येईल का?

आधी साहेबांच्या मताबद्दल, कारण ते मला अजिबात पटत नाही. पाण्यात सर्फॅक्टंट घालून टनांनी माल काढणं हे रसायन उद्योगाचं जुनं काम आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कृत्रिम रबर बनवलं ते साबणाच्या पाण्यात, ब्युटाडाईन आणि स्टायरिनचं इमल्शन पॉलिमरायझेशन करून. घराच्या भिंतीला लावतो त्या ॲक्रिलिक इमल्शन पेंटचा बाइंडर आजही असाच तयार होतो. पाण्यात न विरघळणारा मोनोमर पाण्यातच ठेवून, उष्णता पाण्याला घेऊ देऊन, आग लागण्याची भीती कमी करून हजारो लिटरच्या रिॲक्टरमध्ये हे रोज चालतं. नवीन आहे ते एवढंच की औषधं आणि शेतीरसायनांच्या नाजूक, अनेक टप्प्यांच्या सिंथेसिसमध्ये हाच विचार गेल्या वीसेक वर्षांत आला.

आता तुमचा पांढरा लगदा. त्यात रिॲक्शनचा काही दोष नाही. एसएलएस म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट. तुम्ही त्यात भरपूर पोटॅशियम कार्बोनेट घातलंत. सोडियमच्या जागी पोटॅशियम आलं की पोटॅशियम लॉरिल सल्फेट तयार होतं, आणि ते खोलीच्या तापमानाला पाण्यात जवळपास विरघळतच नाही. म्हणजे सर्फॅक्टंटच पाण्यातून बाहेर बसला. मायसेल (सर्फॅक्टंटच्या रेणूंचे पाण्यातले बारीक पुंजके) उरले नाहीत, उरला तो लगदा, आणि त्यात तुमचं ब्रोमाइड अडकून पडलं. खात्री करायची तर रिकाम्या बीकरमध्ये २ टक्के एसएलएसच्या पाण्यात फक्त पोटॅशियम कार्बोनेट घाला, दोन मिनिटांत दिसेल. प्रोटीनवर काम करणाऱ्या लोकांना हे चांगलं ठाऊक असतं, एसडीएस (एसएलएसचंच दुसरं नाव) असलेल्या नमुन्यात ते पोटॅशियमचा बफर जाऊ देत नाहीत. एसएलएसच वापरायचं असेल तर बेस सोडियमचा किंवा ट्रायइथाइलअमाइन घ्या. पण सुझुकीसाठी मी एसएलएस मुळात निवडणारच नाही. ते का, हे कळण्यासाठी मायसेलमध्ये नेमकं काय होतं ते नीट पाहायला हवं.

पुस्तकात एक गोल चित्र असतं. शेपट्या आत, डोकी बाहेर, आतल्या तेलकट पोटात आपले रेणू बसलेले आणि तिथे गर्दी झाल्यामुळे रिॲक्शन वेगाने होते. चित्र खोटं नाही, पण त्यावर विसंबून प्रयोग आखला तर फसगत होते. तुमचेच आकडे घ्या. ब्रोमोॲनिसोलचा रेणुभार १८७. लिटरला अर्धा मोल, म्हणजे साधारण ९४ ग्रॅम. फेनिलबोरॉनिक ॲसिड थोडं जास्त घेतलं तर आणखी ६५-७० ग्रॅम. म्हणजे लिटरमागे १६० ग्रॅमच्या आसपास सेंद्रिय माल, आणि सर्फॅक्टंट फक्त २० ग्रॅम. आठपट माल त्या पोटात मावणार कसा? मावत नाहीच. फार थोडा माल मायसेलमध्ये असतो. बाकीचा तेलाच्या थेंबांच्या किंवा घन कणांच्या रूपात पाण्यात पसरलेला राहतो आणि तिथून मायसेलमध्ये सतत ये-जा चालू असते. मायसेलही काही कायमची कोठडी नाही. एकेक सर्फॅक्टंट रेणू मायक्रोसेकंदात आत-बाहेर करतो आणि अख्खा मायसेल मिलिसेकंदांत मोडून पुन्हा जुळतो.

म्हणून ‘विरघळलं का?’ हा प्रश्न इथे लागूच होत नाही. फ्लास्क गढूळ, दुधासारखा असेल तर उत्तम. पारदर्शक द्रावणाची वाट पाहत बसू नका. पाहायचं ते इतकंच की माल बारीक पसरलेला आहे का, आणि शेवटपर्यंत तसाच राहतो का. तुमच्यासारखी अर्ध्यावर अडकलेली रिॲक्शन समोर आली की मी कॅटॅलिस्टवर संशय घेण्याआधी काठी घालून तळ खरवडून पाहतो. बहुतेक वेळा तिथे प्रॉडक्टचा एक चिकट गोळा बसलेला असतो आणि न वापरलेलं ब्रोमाइड त्याच्या पोटात असतं.

सर्फॅक्टंटच्या निवडीबद्दल. या क्षेत्राला आजचं रूप दिलं ते सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ब्रूस लिपशुट्झ यांनी. त्यांचा टीपीजीएस-७५०-एम हा सर्फॅक्टंट २०११ साली आला आणि त्याच वर्षी त्यांना अमेरिकेचा प्रेसिडेन्शियल ग्रीन केमिस्ट्री पुरस्कारही मिळाला. रचना साधी आहे. एका टोकाला व्हिटॅमिन ई, मध्ये सक्सिनिक ॲसिडचा दुवा, दुसऱ्या टोकाला मिथॉक्सी पॉलिइथिलीन ग्लायकॉल. यावर विद्युतभार नाही, म्हणून पोटॅशियम असो की सोडियम, याला फरक पडत नाही. पाण्यात याचे कण ५०-६० नॅनोमीटरचे होतात. साध्या सर्फॅक्टंटच्या मायसेलपेक्षा हे बरेच मोठे, आणि सुझुकी, हेक, अमिनेशन अशा कपलिंगना ते मानवतात. याच पाण्यात त्यांच्या गटाने जस्ताची पूड घालून निगिशी कपलिंगही करून दाखवलं. झिंकचं सेंद्रिय संयुग पाण्यात टिकेल असं आम्हा जुन्या लोकांना कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून ते काम मला आजही विलक्षण वाटतं. २०१५ मध्ये त्यांनी लोखंडाच्या नॅनोकणांवर पॅलॅडियमचा नुसता पीपीएममधला (दहा लाखांत काही भाग) अंश ठेवून सुझुकी केली. त्या कामात असलेले सचिन हांडा यांनी पुढे लुईव्हिलला प्रोलिनवर आधारलेला पीएस-७५०-एम बनवला. डीएमएफसारख्या अमाइड सॉल्व्हंटचा गुण मायसेलच्या आतच यावा, हा त्यामागचा विचार.

मग टीपीजीएस-७५०-एमच घ्यायचा का? पहिल्या चाचणीला घ्या. संदर्भ पक्का असला की बिघाड शोधणं सोपं जातं. पण पुढे जाताना स्वस्त पर्याय जरूर तपासा. औषधांच्या फॉर्म्युलेशनमध्ये वापरला जाणारा व्हिटॅमिन ई टीपीजीएस किलोने मिळतो. मिलानच्या एका गटाने कोलिफोर ईएलमध्ये कितीतरी सुझुकी उत्तम चालवल्या आहेत, आणि कोलिफोर ईएल म्हणजे शेवटी इथॉक्सिलेट केलेलं एरंडेल. एरंडाच्या बाबतीत आपला देश जगात पहिला आहे आणि कॅस्टर ऑइल इथॉक्सिलेट आपल्याकडे बॅरलने विकलं जातं. ब्रिज आणि ट्वीन या सर्फॅक्टंटच्या मालिकाही पाहण्यासारख्या. ॲबव्हीच्या लोकांनी तर गोळ्यांवर लेप द्यायला वापरतात ते हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइलसेल्युलोज पाण्यात घालून याच प्रकारच्या रिॲक्शन चालवल्या. ट्रायटॉन एक्स-१०० मात्र टाळा. तो पर्यावरणात मोडून ऑक्टिलफिनॉल होतो, युरोपात त्यावर निर्बंध आहेत. निर्यातीच्या मालाला तो कशाला चिकटवायचा?

दोन गोष्टी निवडताना विसरल्या जातात. पहिली, टीपीजीएस आणि एरंडेलवाल्यांमध्ये एस्टरचे दुवे आहेत. कॉस्टिक घालून ८० अंशाला ठेवलंत तर रिॲक्शनआधी सर्फॅक्टंटच तुटेल. तीव्र अल्कली हवाच असेल तर ब्रिजसारखा ईथर दुव्यांचा घ्या. दुसरी, पॉलिइथिलीन ग्लायकॉलवाले सगळे सर्फॅक्टंट तापवल्यावर एका तापमानाला पाण्यातून वेगळे होऊ लागतात आणि पाणी ढगाळतं. मीठ जितकं जास्त, तितकं हे तापमान खाली येतं. कार्बोनेट किंवा फॉस्फेट भरपूर असलेल्या भांड्यात ‘गरम केलं की बरं चालेल’ हे म्हणूनच नेहमी खरं ठरत नाही. मी सहसा ४५ अंशांवर थांबतो. चिकट माल सैल करायला तेवढं पुरतं.

विद्युतभार असलेल्या सर्फॅक्टंटना अगदीच बाद करू नका. त्यांचं काम वेगळं आहे. सीटीएबी या धनभारित सर्फॅक्टंटच्या मायसेलभोवती हायड्रॉक्साइड गोळा होतात, म्हणून एस्टरचं अल्कलीतलं हायड्रॉलिसिस त्यात वेगाने होतं आणि एसएलएसमध्ये तेच मंदावतं. ऋणभारित मायसेलभोवती प्रोटॉन जमतात. टोकियोच्या शू कोबायाशी यांनी या क्षेत्राच्या सुरुवातीच्या काळात याचा सुरेख उपयोग केला. डोडेसिलबेंझिन सल्फॉनिक ॲसिड, म्हणजे सर्फॅक्टंट आणि ॲसिड एकाच रेणूत, घालून त्यांनी लांब साखळीच्या ॲसिड आणि अल्कोहोलचं एस्टरिफिकेशन पाण्यात केलं. ज्या रिॲक्शनमध्ये पाणी बाहेर पडतं ती पाण्यातच पुढे गेली, कारण तेलकट थेंबात पाण्याला जागाच नव्हती. आता हे महागडं रसायन वाटत असेल तर सांगतो, आपल्या बाजारात डिटर्जंट पावडरवाले जिला ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात ती जवळपास हीच वस्तू आहे. तुमच्याकडे ॲसिडने होणारी एखादी कंडेन्सेशन असेल तर तिच्यावर एकदा ही स्लरी घालून पाहाच.

आता प्रत्यक्ष फ्लास्क. सुझुकीसाठी चांगला बसलेला संच असा: २ टक्के टीपीजीएस-७५०-एमचं पाणी, माल अर्धा मोलर, ट्रायइथाइलअमाइन, आणि बिस(डायटर्शरीब्युटिलफॉस्फिनो)फेरोसीनचा पॅलॅडियम क्लोराइड कॉम्प्लेक्स. ट्रायफेनिलफॉस्फीन आणि ॲसिटेट ही जोडी डीएमएफमध्ये ९० अंशाला चालते म्हणून खोलीच्या तापमानाला चालेल असं नाही. इथे लिगँड (पॅलॅडियमला धरून ठेवणारा रेणू) भरपूर तेलकट आणि इलेक्ट्रॉन देणारा हवा, म्हणजे कॅटॅलिस्ट माल आहे तिथेच राहतो. तापमान कमी ठेवता येतं याचा वेगळा फायदाही आहे. नाजूक हेटरोसायक्लिक बोरॉनिक ॲसिड डीएमएफच्या उष्णतेत बोरॉन गमावून बसतात, इथे ती बरीच तग धरतात.

नायट्रोजनचं काम सर्फॅक्टंट घालण्याआधी उरका. सर्फॅक्टंटच्या पाण्यात नायट्रोजन बुडबुडवला तर फेस कंडेन्सरपर्यंत चढतो. आधी नुसत्या पाण्यातून नायट्रोजन सोडा, मग त्यात सर्फॅक्टंट हलक्या हाताने विरघळवा आणि वरून नायट्रोजनची चादर ठेवा. फॉस्फीनच्या कॅटॅलिस्टला ऑक्सिजन पाण्यातही तितकाच मारक असतो. ‘पाण्यातली रिॲक्शन आहे, हवा चालेल’ असं समजणारे बरेच भेटतात, आणि त्यांचा पॅलॅडियम काळा पडून भिंतीला बसतो.

माल घालण्याचा क्रम महत्त्वाचा. पिठलं करताना बेसन उकळत्या पाण्यात एकदम टाकलं की गुठळ्या होतात, तेच इथे घनरूप ब्रोमाइडचं होतं. घन माल आणि कॅटॅलिस्ट आधी एकत्र घ्या, त्यावर थोडासा को-सॉल्व्हंट घाला आणि नीट ओला होऊ द्या. मग सर्फॅक्टंटचं पाणी, आणि बेस शेवटी, सावकाश. को-सॉल्व्हंट म्हणजे एकूण आकारमानाच्या ५ ते १० टक्के टीएचएफ, टोल्युइन किंवा ॲसिटोन. हे घातलं की काही विद्यार्थ्यांना आपण नियम मोडला असं वाटतं. तसं काही नाही. शंभरातले दहा भाग टीएचएफ म्हणजे नव्वद भाग पाणीच आहे, आणि गोळा होऊन बॅच फुकट जाण्यापेक्षा ते हिशेबात कितीतरी स्वस्त.

ढवळणं हा इथला अर्धा प्रयोग आहे. मॅग्नेटिक बार छोट्या फ्लास्कमध्ये ठीक, पण १०० मिलिलिटरच्या वर ओव्हरहेड स्टरर लावा. प्लँटवर अँकर असलेला रिॲक्टर या कामाला नको. तो भिंत पुसतो, माल फोडत नाही. तिरप्या पात्यांचा टर्बाइन आणि बॅफल असलेला रिॲक्टर मागा. वेग इतका ठेवा की तळाशी काही बसणार नाही आणि वर हवा खेचली जाणार नाही. हवा खेचली की फेस आलाच.

काही ठिकाणी या वाटेला जाऊच नये. ग्रिन्यार, ब्युटिललिथियम, सोडियम हायड्राइड पाण्यात टिकत नाहीत, हे उघडच. रेणू मुळात पाण्यात विरघळत असेल तर सर्फॅक्टंटचं कामच नाही. सपाट, दगडासारखे उच्च वितळणबिंदूचे रेणू फार त्रास देतात. याउलट नायट्रो रिडक्शन या पद्धतीला छान बसतं. आपल्याकडच्या डाय इंटरमिजिएटवाल्यांनी लोखंड आणि पाण्याचं बेशाँ रिडक्शन पिढ्यान्‌पिढ्या केलेलं आहे. कार्बोनिल आयर्नची बारीक पूड आणि सर्फॅक्टंट घेऊन तेच काम आता सौम्य तापमानाला, इतर गटांना धक्का न लावता होतं. लोखंडाचा गाळ मात्र तेव्हाही होता आणि आताही आहे.

आता लेअरचा प्रश्न. तुम्ही भरपूर इथाइल ॲसिटेट घालून फनेल जोरात हलवलंत, आणि सर्फॅक्टंटने त्याचं इमल्शन केलं. त्याने आपलं काम केलं, इतकंच. म्हणून वर्कअपचा पहिला विचार एक्स्ट्रॅक्शनचा नसावाच. प्रॉडक्ट घन असेल तर रिॲक्शन संपल्यावर थोडं पाणी घाला, गार करा आणि सरळ गाळून घ्या. केक पाण्याने धुवा, मग इथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणाने. बऱ्याच सुझुकींमध्ये एवढंच पुरतं, आणि पाण्याच्या पद्धतीचा खरा नफा इथेच आहे. तेलकट प्रॉडक्ट असेल तर एमटीबीई किंवा आयसोप्रोपिल ॲसिटेट एक-दोन व्हॉल्यूमच घ्या, ४० अंशाला सावकाश ढवळा, ढवळणं थांबवा आणि थांबा. रॅग लेअर (दोन थरांमधला गढूळ पट्टा) राहिलाच तर सेलाइट या गाळण पावडरवरून गाळा. बहुधा त्यात पॅलॅडियमची काळी धूळ आणि न विरघळलेला घन असतो, तीच इमल्शन धरून ठेवते. मीठ घालणं हा शेवटचा उपाय ठेवा, कारण ते मीठ पुढे सांडपाण्यात जातं.

सर्फॅक्टंट प्रॉडक्टमध्ये आला का हे एनएमआरवर (रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीवर) पाहा. ३.६ च्या आसपास पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं ठळक शिखर उभं राहतं, ते लपत नाही. एपीआयच्या (औषधातल्या मूळ घटकाच्या) शेवटच्या टप्प्यात ही पद्धत वापरायची तर सर्फॅक्टंट किती उरला हे मोजण्याची पद्धत क्वालिटीवाल्यांकडून आधीच बसवून घ्या. पॅलॅडियमचंही तेच. तोंडाने घ्यायच्या औषधाला दिवसाला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. मुळातच पॅलॅडियम कमी घातलं असेल तर पुढचं स्कॅव्हेंजरचं (उरलेला धातू शोषून काढणाऱ्या रसायनाचं) काम बरंच हलकं होतं.

आणि सांडपाणी. या पद्धतीचं कौतुक करणारे इथे फार लवकर पुढे सरकतात, म्हणून मी मुद्दाम थांबतो. २ टक्के म्हणजे लिटरला २० ग्रॅम सर्फॅक्टंट. टीपीजीएसच्या रेणूचा हिशेब मांडला तर एका ग्रॅमला दोन ग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणजे नुसत्या सर्फॅक्टंटमुळे त्या पाण्याचा सीओडी (त्यातली घाण मोडायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या वर जातो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला आपल्याकडची सर्वसाधारण मर्यादा २५० आहे. असं पाणी तळोजा असो की लोटे, सीईटीपीच्या (औद्योगिक वसाहतीच्या सामायिक सांडपाणी केंद्राच्या) गटारात जसंच्या तसं ढकलता येत नाही, आणि ढकलूही नये. कंपनीत बाष्पीभवनाचा एमईई असेल तर तिथे सर्फॅक्टंटचा फेस वाफेबरोबर वर चढून कंडेन्सेट नासवतो. अँटीफोम लागतो आणि त्याची चाचणी आधी छोट्या प्रमाणावर करावी लागते.

मग पाणी वापरून मिळवलं काय? तर तुलना योग्य गोष्टीशी करा. डीएमएफच्या बॅचमध्येही पाणी असतंच. रिॲक्शननंतर डीएमएफ काढायला आपण चार-पाच वेळा पाण्याने धुतो, आणि ते सगळं पाणी डीएमएफ आणि नायट्रोजन घेऊन ईटीपीतच, म्हणजे कंपनीच्या सांडपाणी केंद्रातच, जातं. वर प्रजननाला घातक म्हणून डिसेंबर २०२३ पासून युरोपात डीएमएफच्या वापरावर कडक अटी आल्या आहेत. सर्फॅक्टंटच्या पद्धतीत मूळ पाण्याचं प्रमाण कमी असतं, आणि प्रॉडक्ट गाळून घेतलं तर तेच मायसेलचं पाणी पुढच्या बॅचला पुन्हा वापरता येतं. थोडा सर्फॅक्टंट वर घालावा लागतो, आणि अमाइनचं मीठ साठत जातं, तेवढ्यावर लक्ष ठेवायचं. पाणी दोन-चार वेळा फिरलं तरी सीओडीचा किलोमागचा बोजा निम्म्याहून खाली येतो. नोव्हार्टिसने २०१६ मध्ये एका एपीआयच्या अनेक टप्प्यांवर ही पद्धत लावल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा फायदा सॉल्व्हंटपुरता नव्हता. उत्पन्न, तापमान, एकूण वेळ, सगळंच सुधारलं होतं.

साहेबांकडे पुन्हा जाल तेव्हा पाणी हिरवं आहे वगैरे बोलू नका. दोन समांतर बॅच घ्या, एक डीएमएफची आणि एक टीपीजीएसची, दोन्ही किमान २५ ग्रॅमच्या. प्रॉडक्टच्या किलोमागे किती सॉल्व्हंट, किती पाणी, सांडपाण्याचा सीओडी किती, प्रॉडक्टमध्ये पॅलॅडियम किती पीपीएम आणि गाळायला किती मिनिटं लागली, हे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. टीपीजीएसच्या बॅचचं पाणी फेकू नका, त्याच पाण्यात दुसरी आणि तिसरी बॅच चालवा आणि त्यांचेही आकडे त्याच कागदावर घ्या. तो कागद साहेबांना द्याल तेव्हा ईटीपीच्या माणसालाही बैठकीला बोलवा. प्लँटवर जायचं की नाही याचा निम्मा निर्णय त्याच्या हातात असतो, आणि एमईईमधला फेस त्यालाच सोसायचा असतो.